गणवेश कोणासाठी?

जून महिना लागला की बाजारपेठेत छत्र्यांची आणि शाळेच्या गणवेशांची अशी दुहेरी गर्दी उडते. ‘वाढत्या अंगाचा द्या, दोन वर्षं जायला हवा,’ हे आईचे वाक्य दुकानदार पिढ्यान् पिढ्या ऐकत आले आहेत. शिंपीही शहाणा असतो. तो शिवणीत थोडी जास्त ‘माया’ ठेवतो. पुढच्या वर्षी मूल वाढले की टीप उसवायची आणि कपडा सैल करायचा. मी अनेक वर्षे शिक्षिका होते, त्यामुळे गणवेश म्हटले की मला या मायेची आठवण होते. शाळेने गणवेशाची सक्ती करावी का, हा प्रश्न पालकांच्या सभेत दरवर्षी निघतो. त्याचे उत्तर हो किंवा नाही असे एका शब्दात देणे मला अजून जमलेले नाही.

गणवेशाच्या बाजूचा पहिला मुद्दा समतेचा. सगळी मुले एका कपड्यात आली की कोण सावकाराचा आणि कोण मजुराचा हे कळत नाही, असे आपण म्हणतो. यामागे इतिहासही आहे. लंडनमध्ये १५५२ साली गरीब आणि अनाथ मुलांसाठी ‘ख्राइस्ट्स हॉस्पिटल’ ही शाळा निघाली. तिथल्या मुलांना लांब निळा अंगरखा आणि पिवळे पायमोजे मिळत, आणि आजही त्या शाळेचा पोशाख तोच आहे. म्हणजे हा गणवेश मुळात धर्मादाय होता. ज्याच्या अंगावर धड कपडा नाही, त्याला तो शाळा देत होती. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या श्रीमंतांच्या निवासी शाळांनी आपापले पोशाख ठरवले आणि गणवेश प्रतिष्ठेची खूण झाला. टाय आणि ब्लेझर आपल्याकडे आले ते याच वाटेने. आपल्या मराठी शाळांनी मात्र पांढरा सदरा आणि खाकी अर्धी चड्डी पसंत केली, कारण ते कापड स्वस्त, टिकाऊ आणि सहज मिळणारे होते. गणवेशाचे हे दोन वंश लक्षात ठेवले पाहिजेत. एका गणवेशात शाळा मुलाला काही देते, दुसऱ्यात ती पालकाकडून काही मागते.

दुसरा मुद्दा शिस्तीचा. गणवेशाने वर्तन सुधारते, अभ्यास वाढतो, असा आपला समज आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लाँग बीच शहराने १९९४ साली आठवीपर्यंतच्या मुलांना गणवेश सक्तीचा केला. तेथील शाळांतील गुन्हे कमी झाल्याचे सांगण्यात आले आणि १९९६ साली राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनीही या कल्पनेची भलामण केली. परंतु डेव्हिड ब्रन्स्मा आणि केरी रॉकमोर या दोन समाजशास्त्रज्ञांनी १९९८ साली देशभरातील दहावीच्या विद्यार्थ्यांची माहिती तपासली, तेव्हा हजेरी किंवा वर्तन यांवर गणवेशाचा थेट परिणाम त्यांना आढळला नाही. जर्मनीत शाळांना सहसा गणवेश नसतो. जपानमध्ये बहुतेक सरकारी प्राथमिक शाळांत नसतो, पण पुढच्या वर्गांत असतो. दोन्ही देशांतली मुले शिकतात. तेव्हा गणवेश घातला की शिस्त आपोआप येते, हा आग्रह सोडायला हरकत नाही.

मग गणवेशाचा उपयोग काहीच नाही का? आहे, पण तो साधा आहे. सकाळी ‘आज काय घालू’ हा प्रश्न उरत नाही. सहलीला गेल्यावर आपली मुले गर्दीत ओळखू येतात. एसटीच्या थांब्यावर उभी असलेली मुलगी कोणत्या शाळेची हे गावाला कळते आणि चार डोळे तिच्यावर राहतात. आपल्याकडे आणखीही एक गोष्ट आहे. अनेक घरांत गणवेश हाच मुलाचा सर्वांत चांगला कपडा असतो. लग्नाच्या पंगतीत गणवेश घालून बसलेली मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. अशा घरातल्या मुलाला रोज नवा रंगीत कपडा घालून या म्हणणे, हा त्याच्यावर अन्यायच होईल.

मात्र गणवेश सदऱ्यापुरतीच समता आणतो. बूट, दप्तर, डबा आणि मनगटावरचे घड्याळ यांतून घरची परिस्थिती बोलतेच. शिवाय गणवेश घेण्याचीच ऐपत नसेल, तर तोच कपडा भेद दाखवू लागतो. हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही.

तालुक्याच्या गावातील एका शाळेत मी शिकवत होते. प्रार्थनेच्या वेळी गणवेश तपासण्याचे काम माझ्याकडे होते आणि ते मी चोख करत असे. एका वर्षी जुलैत पावसाची झड लागली. सातवीतला एक मुलगा सलग तिसऱ्या दिवशी रंगीत शर्ट घालून आला. मी त्याला वर्गाबाहेर उभे केले. मधल्या सुट्टीत जवळ बोलावून विचारले, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, ‘‘बाई, एकच हाय. आई चुलीवर धरून वाळवते, पण लाकडंच भिजली.’’ दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही. आठ दिवसांनी मी त्याच्या घरी गेले. आईने मला चहा दिला आणि उलट माझीच माफी मागितली, ‘‘पाऊस थांबला की लावून देते त्याला.’’ तो पुन्हा आला, हे माझे नशीब. न येणारी मुलेही असतात आणि त्यांचे कारण कुठल्याच हजेरीपटावर लिहिलेले नसते.

आज कायदा याबाबत स्पष्ट आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा सांगतो की, सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचे प्राथमिक शिक्षण ज्या खर्चामुळे अडेल, असा कोणताही खर्च त्याच्यावर लादता येणार नाही. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना तर या कायद्याने बंदीच आहे. गणवेश नाही म्हणून मुलाला उभे करणे त्यात बसत नाही.

‘समग्र शिक्षा’ योजना २०१८ साली आली. तिच्यात सरकारी शाळांतील मुलांना दोन गणवेशांसाठी वर्षाला ६०० रुपयांपर्यंतची तरतूद करण्यात आली, म्हणजे एका जोडीला ३०० रुपये. त्यातही सर्व मुली, अनुसूचित जाती-जमातींची मुले आणि दारिद्र्यरेषेखालील मुले यांचाच समावेश होता. एकाच बाकावरच्या दोन मुलांपैकी एकाला गणवेश मिळे, दुसऱ्याला नाही. भेद मिटवणाऱ्या कपड्याचे वाटपच भेदाने होत होते! महाराष्ट्र शासनाने २०२३-२४ पासून उरलेल्या मुलांनाही गणवेश देण्याचे ठरवले, ते योग्यच झाले. पुढच्या वर्षी ‘एक राज्य, एक गणवेश’ योजना आली. कापड एकत्रित खरेदी करायचे आणि बचत गटांकडून शिवून घ्यायचे, असा बेत होता. पण अनेक शाळांत गणवेश वेळेवर पोहोचले नाहीत, मापांच्याही तक्रारी झाल्या. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचा निर्णय झाला. मुलाचे माप गावच्या शिंप्यालाच नीट ठाऊक असते, एवढाच याचा धडा.

खासगी शाळांची गोष्ट वेगळी. तिथे रोजचा गणवेश, खेळाचा गणवेश, गटाच्या रंगाचा टी-शर्ट आणि कोकणाच्या दमट हवेतही गळ्यात टाय! पुन्हा बोधचिन्हाचा कपडा ठरावीक दुकानातच मिळणार. इंग्लंडने २०२१ साली याच खर्चासाठी कायदा केला. बोधचिन्हाचे कपडे कमीत कमी ठेवावेत आणि पालकांना परवडेल असाच गणवेश ठरवावा, असे शाळांना बजावले. गणवेशाची जन्मभूमी हे करते, तर आपल्याला काय हरकत आहे?

गणवेश कसा असावा, याचाही विचार व्हायला हवा. केरळमधील वळयनचिरंगरा येथील प्राथमिक शाळेने मुलगे आणि मुली दोघांनाही सदरा आणि गुडघ्याखालपर्यंतची विजार असा एकच वेश दिला. मुलींना धावायला-खेळायला तो सोयीचा ठरला. उलट कर्नाटकात २०२२ साली हिजाब आणि गणवेश यांचा वाद पेटला. उच्च न्यायालयाने बंदी उचलून धरली, तर सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी ऑक्टोबर २०२२ मध्ये परस्परविरोधी निकाल दिले. एकाने शाळेच्या समान शिस्तीला महत्त्व दिले, दुसऱ्याने मुलीच्या शिक्षणाला. कायद्याचा कीस वकील काढतील. मी शिक्षिका म्हणून एवढेच विचारीन, की नियम पाळल्यावर वर्गातले एक बाक रिकामे होणार असेल, तर आपण काय मिळवले?

म्हणून माझे उत्तर असे. गणवेश जरूर असावा, पण सक्ती आधी शाळेवर असावी. तो स्वस्त असावा, कुठेही शिवून मिळावा, पावसाळ्यात चटकन वाळावा, दोन जोड असल्याशिवाय रोजची सक्ती नसावी आणि कपड्यावरून कोणालाही वर्गाबाहेर काढू नये. त्या प्रसंगानंतर मी शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटात वरच्या वर्गात गेलेल्या मुलांचे धुतलेले गणवेश जमवू लागले. ज्याला लागेल त्याने मधल्या सुट्टीत यावे, कोणी काही विचारणार नाही. दरवर्षी त्या कपाटातून पंधरा-वीस सदरे जात आणि तेवढेच परत येत.

शिंपी कापड बेतताना उद्या मूल वाढेल हे धरून चालतो. नियम बेतणाऱ्यांनीही शिवणीत तेवढी माया ठेवावी.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)