मोटारीच्या निष्कास-नळीतील ऑक्सिजन-संवेदक

अमरावतीहून चिखलदऱ्यास जाणारी मोटार सुमारे ३४० मीटर उंचीवरून १,१०० मीटरांच्या आसपास चढते. वर हवा विरळ असते. अकोल्याच्या वैशाखात पारा ४५ अंशांवर गेला म्हणजे मैदानातील हवाही, १५ अंशांच्या हिवाळी पहाटेच्या मानाने, सुमारे एकदशांशाने विरळ होते. एक किलोग्रॅम शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलास साडेतेरा किलोग्रॅम पुरते. जुन्या कार्ब्युरेटरला असे फरक ओळखता येत नसत. विरळ हवेत पेट्रोल अधिक पडे व धूर काळा होई. आजच्या एंजिनात हवा व पेट्रोल यांच्या हिशेबाची अखेरची तपासणी ऑक्सिजन-संवेदक करतो.

बॉश कंपनीने १९७६ साली प्रचारात आणलेल्या या संवेदकाच्या साध्या प्रकारात झिर्कोनियाची, अंगुस्तानाच्या आकाराची टोपी असते. तिच्या दोन्ही अंगांवर प्लॅटिनमचा सच्छिद्र थर असतो. बाहेरील अंगास निष्कास-वायू लागतो, आतील अंगास मोकळी हवा. टोपी सुमारे ३०० अंशांपलीकडे तापली, की ऑक्सिजनचे आयन तिच्यातून जाऊ शकतात आणि दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमधील तफावतीमुळे विद्युत्-दाब निर्माण होतो. पेट्रोल अधिक झाल्यास तो ०.९ व्होल्टच्या आसपास चढतो. हवा अधिक झाल्यास ०.१ व्होल्टपर्यंत उतरतो. त्यावरून नियंत्रक पेट्रोल कमीअधिक करतो. हा समतोल अतिशय अरुंद मर्यादेत राहिला, तरच पुढील उत्प्रेरक कार्बन मोनॉक्साइड, न जळलेली हायड्रोकार्बने व नायट्रोजनची ऑक्साइडे या तिहींचा एकाच वेळी निरास करू शकतो.

तथापि हा संवेदक धुराची शुद्धता मोजत नाही; उरलेला ऑक्सिजन तेवढा जाणतो. त्याच्या अलीकडे नळीचा सांधा फुटून बाहेरची हवा आत शिरली, किंवा प्लगची ठिणगी चुकून मिश्रण न जळताच बाहेर पडले, तरी तो 'हवा अधिक आहे' असेच कळवितो. मग नियंत्रक विनाकारण पेट्रोल वाढवितो. खर्च वाढतो आणि उत्प्रेरक अतितप्त होऊन निकामी होण्याचा संभव असतो. म्हणून एंजिनाचा दिवा लागताच संवेदक बदलणे उचित नव्हे. आधी सांधे, प्लग व तारा तपासाव्यात. साक्षीदारास खोटा ठरविण्यापूर्वी त्याने पाहिले काय, हे समजून घेणे अगत्याचे आहे.