कथालेखकाचा परकायाप्रवेश

कथा लिहिणे म्हणजे सुचलेली कल्पना कागदावर उतरविणे, अशी पुष्कळांची समजूत असते. थोडेफार कथालेखन करताना मला मात्र असे आढळले की, कल्पना सुचणे हा यातील सर्वांत सोपा भाग आहे. खरी कसोटी असते ती परकायाप्रवेशाची. लेखकाला पात्राच्या अंतरंगात शिरावे लागते आणि तितक्याच निग्रहाने बाहेरही यावे लागते. आत शिरला नाही तर पात्र निर्जीव राहते; बाहेर आला नाही तर कथेऐवजी नुसता आक्रोश उरतो.

आत शिरण्याची वाट बोलीतून जाते. आपले देऊळगाव राजा बुलढाणा जिल्ह्याच्या सीमेवर, जालना जिल्ह्याला लागून आहे. बालाजीच्या यात्रेत वऱ्हाडी आणि मराठवाडी अशी दोन्ही वळणे कानी पडतात. अशा माणसांच्या तोंडी पुस्तकी वाक्ये घातली की पात्र परके होते. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीतील कौतिक आपल्याला शेजारीण वाटते, ती तिच्या वऱ्हाडी बोलण्यामुळेच.

परंतु याहून कठीण असते ती तटस्थता. कौतिक जिवाचे रान करून संसार ओढते. तरी लेखक एखादा चमत्कार घडवून तिची सुटका करीत नाही. ज्या पात्रावर जीव जडला त्याचे हाल लिहिताना शेळक्यांना काय वाटले असेल, असा विचार मनात येतोच. आपल्याच जिल्ह्यातील सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातील सुशिक्षित बेकार एकनाथ शेतीत अडकलेला आहे. त्याच्याइतकीच त्याच्या पत्नीची, अलकाची घुसमटही समजून घ्यावी लागते. कोणा एकाला खलनायक ठरविले की लेखकाचे काम सोपे होते, पण सत्य हातचे जाते.

लहान गावात लिहिणाऱ्यापुढे आणखी एक पेच असतो. नापिकी आणि कर्ज यांनी खचलेल्या, माझ्या परिचयाच्या एका घरावर मी कथा लिहावयास घेतली. नावे बदलली, गाव बदलले. तरीही वाचणाऱ्याला घर ओळखू येणारच होते. त्या घरातील माउलीने हे वाचले तर? या प्रश्नाने कित्येक दिवस लेखणी अडली. अखेर मी घटना वगळल्या. रात्री दिवा मालवल्यावर घरात पसरणारी अबोल काळजी तेवढी ठेवली. कथा त्यामुळे दुबळी झाली नाही, उलट ती अनेक घरांची झाली. छापण्यापूर्वी ती त्या माउलीला वाचून दाखविण्याचे मी ठरविले आहे. ती ‘नको’ म्हणाली, तर कथा माझ्या वहीतच राहील.

दुसऱ्याचे दुःख हे उसने आणलेले धान्य आहे. ते परत करताना माप कमी पडता कामा नये, आणि देणाऱ्याची अब्रूही जाता कामा नये. लेखणी हाती घेणाऱ्या माझ्या विद्यार्थी मित्रांनी शैलीचा विचार अवश्य करावा; पण त्याआधी स्वतःला एवढेच विचारावे : ज्याच्याविषयी लिहिले, त्याच्यासमोर बसून हे मला वाचता येईल काय?