भोपळ्याच्या बियांचं दुरंगी तेल

लाल भोपळा चिरला की बिया सहसा कचऱ्यात जातात. ऑस्ट्रियातल्या स्टायरिया प्रांतात मात्र भोपळा लावतात तोच बियांसाठी. तिथल्या जातीच्या बियांना टणक टरफल नसतं. बिया दळून, मीठ-पाणी घालून मळतात, भाजतात आणि मग तेल गाळतात. या तेलाच्या नावाला १९९६ पासून युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण आहे.

हे तेल बशीत पातळ पसरलं तर हिरवं दिसतं, बाटलीत मात्र गडद लाल! त्यातली प्रोटोक्लोरोफिलसारखी रंगद्रव्यं हिरवा प्रकाश थोडा आणि लाल प्रकाश त्याहून कमी शोषतात. थर जाड झाला की हिरवा संपतो, लाल तेवढा पार होतो.

तेलात मुख्यतः लिनोलेइक आणि ओलेइक ही असंतृप्त आम्लं असतात. पैकी लिनोलेइक शरीराला बनवता येत नाही, ते आहारातूनच मिळवावं लागतं. उष्णतेनं आणि उजेडानं ही आम्लं बिघडतात, म्हणून हे तेल फोडणीला न वापरता कोशिंबिरीवर वरून घालावं.

सोललेल्या १०० ग्रॅम बियांत सुमारे ३० ग्रॅम प्रथिनं असतात, शिवाय भरपूर मॅग्नेशियम आणि जस्त. गाळताना हे सारं पेंडीत राहतं. म्हणून घरच्या भोपळ्याच्या बिया धुऊन, वाळवून, मंद आचेवर भाजून जरूर खा.