मालक एक, कंपन्या तीन : ठेकेदाराने कराचा हिशेब कसा ठेवावा?



वारूळवाडी-नारायणगाव परिसरात रंगकाम, वेल्डिंग, गवंडीकाम अंगावर घेणारी आपली अनेक मुले आहेत. बँकेच्या खिडकीवर ती आम्हांला विचारतात, "साहेब, बिलापेक्षा पैसे कमी का जमा झाले?" ही कापलेली रक्कम म्हणजे टीडीएस, अर्थात उगमस्थानी करकपात. ती आपल्याच नावे सरकारात जमा होते. परंतु काम देणारा मालक एक आणि त्याच्या कंपन्या तीन असल्या, की हिशेबात गोंधळ होतो.

कायद्याने प्रत्येक कंपनी ही स्वतंत्र व्यक्ती आहे. भागधारक वेगळा व कंपनी वेगळी, हे सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या बाचा गझदर खटल्यात १९५४ साली स्पष्ट केले आहे. म्हणून करकपातीची मर्यादा प्रत्येक कंपनीसाठी वेगळी मोजली जाते. मात्र तीन पाट्यांची दुकाने एकाच माणसाच्या स्वतःच्या मालकीची व एकाच पॅनवर असतील, तर देणारा एकच समजावा.

२०२४-२५ या वर्षाचे उदाहरण घेऊ. तेव्हाच्या कलम १९४सी नुसार एक बिल रु. ३०,००० वर किंवा वर्षाची बेरीज रु. १,००,००० वर गेल्यास वैयक्तिक ठेकेदाराचा १ टक्का कर कापला जाई. पॅन न दिल्यास २० टक्के. समजा, पहिल्या कंपनीने रु. १,५०,००० दिले, कपात रु. १,५००. दुसरीने रु. ४०,००० चे एकच बिल दिले, कपात रु. ४००. तिसरीने रु. २०,००० ची चार बिले दिली, कपात नाही.

येथेच चूक होते. तिसऱ्या कंपनीची रक्कम २६एएस या उताऱ्यात दिसत नाही, म्हणून ती विवरणपत्रातही दाखविली जात नाही. वास्तविक देणारे तीन असले तरी घेणारा एकच आहे. त्याने एकूण जमा रु. २,७०,००० दाखविली पाहिजे. सर्व पैसे बँकेतून आले असतील, तर कलम ४४एडी खाली ६ टक्के, म्हणजे रु. १६,२०० एवढे उत्पन्न दाखविता येत होते. दुसरे उत्पन्न नसेल, तर कर शून्य आणि कापलेले रु. १,९०० परत. पण विवरणपत्र भरले तरच!

१ एप्रिल २०२६ पासूनच्या वर्षांसाठी आयकर अधिनियम, २०२५ आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. परंतु प्रत्येक देणाऱ्याची कपात वेगळी व घेणाऱ्याचे विवरणपत्र एक, हे तत्त्व तेच आहे.

तेव्हा ज्या कंपनीचे काम, तिच्याच नावे बिल करावे. प्रत्येक बिलावर पॅन लिहावा. प्रत्येक कंपनीकडून कपातीचा दाखला मागून घ्यावा व तो उताऱ्याशी ताडून पाहावा. शिकलेल्या मुलांनी वर्षातून एक दिवस वडिलांची बिले घेऊन बसावे, एवढीच आमची विनंती. घामाचा पैसा कागदाअभावी जाऊ नये.