खाऱ्या हवेतली महाग बॅटरी

मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट सुरू झाली आणि मुंबईहून अलिबागला गाडी घेऊन येण्याचा हिशेबच बदलला. पनवेल, पेण, वडखळ हा सुमारे शंभर किलोमीटरचा रस्ता टळला. गाडी बोटीवर चढते, इंजिन बंद होते, तासाभराने मांडव्याला उतरते आणि पुढे वीसेक किलोमीटरवर अलिबाग. वेळ वाचला, इंधन वाचले, खड्डे चुकले. पण रस्त्यावरच्या त्या दोन-तीन तासांत बॅटरीला जे चार्जिंग मिळत होते, तेही गेले. आठवडाभर मुंबईत इमारतीखाली उभी असलेली गाडी शनिवारी निघते, थोडीशी चालते, नागाव किंवा काशीदच्या वाडीत दोन दिवस उभी राहते आणि तशीच परत जाते.

मग एखाद्या सकाळी सेल्फ मारला तर नुसती टकटक ऐकू येते. बॅटरी बसलेली असते. दुकानदार दोन डबे समोर ठेवतो. आकार सारखा, रंग वेगळा, आणि एकाची किंमत दुसऱ्याच्या सव्वापट ते दीडपट. जास्तीचे पैसे नेमके कशाचे, हा प्रश्न तिथे उभ्या उभ्या सुटत नाही. त्यासाठी डबा आतून समजून घ्यावा लागतो.

फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लाँते याने १८५९ मध्ये शिशाचे पत्रे गंधकाम्लात ठेवून पुन्हा पुन्हा चार्ज होणारी पहिली बॅटरी बनवली. आजही बहुतेक गाड्यांत तत्त्वाने तीच बॅटरी असते. सहा कप्पे, प्रत्येकात सुमारे २.१ व्होल्ट, मिळून १२.६. एका प्लेटवर शिसे, दुसऱ्या प्लेटवर शिशाचा डायऑक्साइड, मध्ये पाणी घातलेले आम्ल. वीज देताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट साचते आणि चार्ज होताना ते पुन्हा मूळ रूपात जाते. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला, हँडल मारण्याचे दिवस सरले आणि या डब्याचे मुख्य काम ठरून गेले. एक-दोन सेकंद दीडशे-दोनशे अँपिअरचा प्रवाह द्यायचा आणि बाजूला व्हायचे. पुढचा भार अल्टरनेटर उचलतो, ज्याला गॅरेजवाले अजूनही डायनामो म्हणतात.

बॅटरीच्या धंद्याशी रायगडचे नाते केवळ गिऱ्हाइकाचे नाही. तळोज्यात स्टँडर्ड बॅटरीज या कंपनीचा कारखाना होता. १९९८ मध्ये तो एक्साईडने घेतला. आता एकाच कंपनीच्या छपराखाली स्वस्त आणि महाग अशा अनेक मालिका निघतात: एक्साईडच्या इझी, माइलेज, मॅट्रिक्स, एपिक, तशाच अमरॉनच्या गो, फ्लो, प्रो. या पायऱ्या चढताना रसायन बदलत नाही. बदलते ते शिशाचे वजन, प्लेटांची संख्या आणि प्लेटच्या आत असलेल्या जाळीचा मिश्रधातू. जुन्या बॅटऱ्यांच्या जाळीत शिशाबरोबर अँटिमनी असे. त्यामुळे पाणी लवकर उडे आणि सारखे डिस्टिल्ड वॉटर घालावे लागे. कॅल्शियम आल्यावर ते काम जवळजवळ संपले. कथील किंवा थोडी चांदी मिसळली की जाळी उष्णतेत गंजायला आणखी वेळ लागतो. हा फरक खरा आहे, जाहिरातीपुरता नाही. तो ओळखायची साधी खूण वजन आहे. एकाच कोडच्या दोन बॅटऱ्यांत जी लक्षात येण्याइतकी जड, तिच्यात सहसा शिसे जास्त.

मात्र महाग डब्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत जो आकडा मिरवतो, त्याचा या किनाऱ्याला फारसा उपयोग नाही. सीसीए, म्हणजे कोल्ड क्रँकिंग अँपिअर, हा आकडा उणे १८ अंश सेल्सिअसला मोजतात. त्या थंडीत ३० सेकंद किती प्रवाह देऊनही १२ व्होल्टची बॅटरी ७.२ व्होल्टच्या खाली जात नाही, हे तो सांगतो. कॅनडा किंवा लेह-लडाखमध्ये हा आकडा बघूनच बॅटरी घ्यावी. श्रीवर्धन-मुरुडला जानेवारीच्या पहाटेही गोठवणारी थंडी नसते. उलट सीसीए वाढवण्याचा एक मार्ग म्हणजे त्याच डब्यात जास्त आणि पातळ प्लेटा बसवणे, आणि पातळ प्लेट उष्णतेत लवकर खलास होते. डिझेल इंजिनाला जोरदार प्रवाह लागतो, त्यामुळे कंपनीने सांगितलेल्या आकड्याखाली कधीच जाऊ नये. पण त्याहून शंभर-दीडशे अँपिअर जास्त आहेत म्हणून पैसे मोजणे किनाऱ्यावर वाया जाते.

इथला खरा शत्रू उष्णता आहे. तापमान दर दहा अंशांनी वाढले की बॅटरीचे आयुष्य अंदाजे निम्मे होते, असा या क्षेत्रातला ढोबळ नियम आहे. जाळी वेगाने गंजते, पाणी उडते. समुद्राच्या वाऱ्यामुळे अलिबागचा पारा फार चढत नाही. पण त्याच जिल्ह्यात आत गेले की चित्र पालटते. २८ मार्च २०१७ रोजी भिरा येथे ४६.५ अंशांची नोंद झाली आणि देशभरच्या बातम्यांत रायगडचे हे छोटे गाव झळकले. शिवाय बॅटरीला बाहेरची हवा लागतच नाही. ती बॉनेटखाली असते. वडखळच्या कोंडीत एसी लावून गाडी तासभर रांगत असेल, तर तिथले तापमान साठ अंशांपर्यंत सहज जाते. रोज या रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला गंज सोसणारी जाळी आणि जास्तीचे शिसे यांचा फायदा होतो. महाग बॅटरीची बाजू सर्वांत भक्कम आहे ती इथे.

उभ्या राहणाऱ्या गाडीची गोष्ट पूर्ण निराळी. गाडी बंद असली तरी सेंट्रल लॉक, सुरक्षा यंत्रणा, घड्याळ, संगणक थोडी थोडी वीज ओढत राहतात. हा प्रवाह साधारण ३० मिलिअँपिअर धरला तर दिवसाला ०.७२ अँपिअर-तास, आठवड्याला सुमारे पाच. याउलट दोनशे अँपिअरने दोन सेकंद सेल्फ मारला तर खर्च होतो फक्त ०.११ अँपिअर-तास. म्हणजे गाडी आठवडाभर नुसती उभी ठेवणे बॅटरीला जवळजवळ पंचेचाळीस वेळा सेल्फ मारण्याइतके पडते. मांडवा ते अलिबाग या अर्ध्या-पाऊण तासात ही तूट पूर्ण भरून निघत नाही, कारण बॅटरी शेवटच्या टप्प्यात अगदी सावकाश चार्ज होते. अंगणात दहा मिनिटे इंजिन चालू ठेवण्याने तर जवळजवळ काहीच साधत नाही. तूट राहिली की प्लेटांवरच्या लेड सल्फेटचे स्फटिक मोठे आणि कठीण होतात. मग कितीही चार्जिंग केले तरी ते विरघळत नाहीत. बॅटरी जुनी न होताच म्हातारी होते.

२०२० साल याचा कडक धडा होता. २५ मार्चला टाळेबंदी लागली. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, विजेचे खांब आडवे झाले, कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. या दोन तारखांमध्ये ७० दिवस होतात. वरच्याच हिशेबाने त्या काळात ५० अँपिअर-तास निघून जातात, आणि छोट्या गाडीच्या बॅटरीत असतात ३५. अंगणात नुसती उभी राहिलेली गाडी ऐन गरजेच्या वेळी सुरू होणे अशक्य होते. बॅटरी साधी असो की सर्वांत महाग, गणित तेच. चार्जर असला तरी वीज नाही. उरला तो चालू गाडीला जंपर केबल जोडण्याचा मार्ग.

यासाठी उपाय आहे आणि तो महाग बॅटरीपेक्षा स्वस्त आहे. विकेंडच्या घरी गाडी ठेवणाऱ्यांनी भिंतीवरच्या सॉकेटला लावून ठेवता येणारा, बॅटरी भरली की आपोआप थांबणारा मेंटेनन्स चार्जर घ्यावा. वीज भरवशाची नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ठेवावी. घड्याळ आणि रेडिओचे सेटिंग पुन्हा करावे लागेल, पण बॅटरी वाचेल. दहा-पंधरा सेकंदांत होणारी मल्टिमीटरची तपासणीही शिकून घ्यावी. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान व्होल्टेज नसेल, तर दोष बहुधा बॅटरीत नाही, डायनामोत आहे.

आणि मग खारी हवा. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतः विरघळते. पावसाळ्यात किनाऱ्यावर ही पातळी रोजचीच. बॅटरीच्या टर्मिनलवर बसलेला मिठाचा थर ओला होतो, आम्लाच्या वाफा त्यात मिसळतात आणि पांढरे-हिरवट क्षार चढतात, ज्यांना अनेक मेकॅनिक कार्बन म्हणतात. या थराने जोडात फक्त ०.०१ ओहमचा विरोध आला तरी दीडशे अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच जळतात. सेल्फला उरलेला दाब पुरत नाही आणि चांगली बॅटरी गेली असे निदान होते. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने टर्मिनल धुवावे, पुसून कोरडे करावे, क्लॅम्प घट्ट आवळावा आणि वर व्हॅसलीनचा हात फिरवावा. रेवदंडा, कोर्लई, मुरुड इथल्या गाड्यांना हे पावसाळ्याआधी आणि नंतर हवेच. नवी बॅटरी घेण्याआधी एवढे करून पाहिले, तर पुष्कळांचे काही हजार रुपये वाचतील.

एका वर्गाला मात्र निवड नाही. सिग्नलला थांबले की इंजिन बंद आणि क्लच दाबला की सुरू, अशी यंत्रणा असलेल्या गाड्यांत बॅटरी दिवसातून डझनावारी वेळा थोडी रिकामी होते. साधी बॅटरी हे फार काळ सोसत नाही. त्यांच्यासाठी ईएफबी प्रकार असतो. त्यात प्लेटवर पॉलिएस्टरची झिरझिरीत जाळी बसवून आतला लेप धरून ठेवतात. त्याच्या वरची पायरी एजीएम. यात आम्ल काचतंतूंच्या गादीत शोषलेले असते, त्यामुळे ते सांडत नाही आणि बॅटरी खोलवर उतरली तरी तग धरते. किंमत साध्या बॅटरीच्या दुपटीच्या आसपास. पण एजीएममध्ये पाण्याचा साठा मुळातच कमी, म्हणून तिला उष्णता सोसत नाही. अनेक जर्मन गाड्यांत ती बॉनेटखाली न ठेवता मागच्या डिकीत ठेवतात, ते उगीच नाही. गाडी ज्या प्रकारच्या बॅटरीसह कारखान्यातून आली, त्याच प्रकारची परत बसवावी. साध्या पेट्रोल हॅचबॅकच्या तापलेल्या बॉनेटखाली हौसेने एजीएम बसवणे हा तोटाच.

विजेवरच्या गाडीलाही यातून सुटका नाही. नेक्सॉन ईव्हीसारख्या गाडीत मोठ्या लिथियम बॅटरीशिवाय १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते. ती बसली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.

राहिली वॉरंटी, आणि महाग बॅटरीच्या किमतीत तिचा वाटा मोठा असतो. कार्डावर ६० महिने छापलेले असतात, पण ते बहुधा दोन भागांत: पहिल्या भागात बॅटरी फुकट बदलून मिळते, दुसऱ्या भागात फक्त किमतीत सूट. तुलना करायची ती पहिल्या भागाची. उदाहरणादाखल, ४,००० रुपयांची बॅटरी १८ महिने फुकट बदलून मिळत असेल तर महिन्याला २२२ रुपये पडतात; ५,५०० ची ३० महिने मिळत असेल तर १८३. रोज चालणाऱ्या गाडीला दुसरी स्वस्त. पण वॉरंटी कारखान्यातल्या दोषाची असते. उभी ठेवून उतरलेली बॅटरी दुकानदार चार्ज करून परत देतो. म्हणून नेमक्या त्याच गिऱ्हाइकाला, ज्याची गाडी महिन्यात दोनदाच निघते, या लांब मुदतीचा उपयोग सर्वांत कमी. पर्यटकांना फिरवणाऱ्या टॅक्सीवाल्यांनी भाड्याच्या वाहनाला वेगळी, कमी मुदत लिहिली आहे का, हे कार्डावर आधी वाचावे.

दुकानात आणखी एक गोष्ट बघायची: तयार झाल्याची तारीख. बॅटरी फळीवरही हळूहळू उतरते, आणि छोट्या गावात महाग मॉडेल कमी खपते म्हणून तेच जास्त दिवस पडून राहण्याची शक्यता असते. आठ-नऊ महिने धूळ खाल्लेल्या महाग बॅटरीपेक्षा गेल्या दोन-तीन महिन्यांतली साधी बॅटरी केव्हाही बरी. दुकानदारासमोर मीटर लावावा. १२.५ च्या खाली काटा असेल तर ती घेऊ नये.

तेव्हा अलिबाग-पेण-पनवेल रोज करणाऱ्यांनी, टॅक्सीवाल्यांनी आणि उन्हात दिवसभर राबणाऱ्या गाड्यांच्या मालकांनी वरच्या मालिकेची, जड आणि जास्त महिने फुकट बदलून मिळणारी बॅटरी घ्यावी. तिथे जास्तीचे पैसे वसूल होतात. शनिवार-रविवारच्या गाडीला ताजी, योग्य कोडची साधी बॅटरी पुरते, आणि उरलेल्या पैशांत चार्जर येतो. जुनी बॅटरी मात्र भंगारवाल्याला देऊ नये. तिच्यात शिसे आणि आम्ल आहे, आणि ते वाडीतल्या विहिरीपर्यंत पोहोचू शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि दुकानात दिली की नव्या बॅटरीच्या किमतीत सूटही मिळते.