तार शाबूत, पत्त्यांची वही गायब!

लिनक्स अद्ययावत होत असताना मध्येच वीज गेली, तर संगणक पुन्हा सुरू होईलच याची शाश्वती नसते. अशा वेळी डिस्क ‘फॉरमॅट’ करण्याचा मोह होतो. पण त्यात हिशेब, प्रकल्प, छायाचित्रे असे सारेच पुसले जाते. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात ‘वालचंद लिनक्स युजर्स ग्रुप’ हा विद्यार्थ्यांचा गट लिनक्सच्या प्रसाराचे काम करतो. साताऱ्यात असो वा सांगलीत, लिनक्स वापरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावा असा यावरचा उपाय म्हणजे ‘सीएचरूट’.

१९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून ही सोय उपलब्ध आहे. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करायचा, बिघडलेली डिस्क जोडायची आणि त्या डिस्कलाच मूळ मानून आत शिरायचे. मात्र, आत जाऊन अद्ययावतीकरणाची आज्ञा दिली, की अनेकदा ‘टेम्पररी फेल्युअर रिझॉल्व्हिंग’ असा संदेश झळकतो आणि इंटरनेटच बंद पडले, असा समज होतो.

वस्तुतः सीएचरूटमुळे केवळ फायलींचे विश्व बदलते. नेटवर्क बाहेरचेच राहते. दूरध्वनीची तार शाबूत असावी आणि क्रमांकांची वही तेवढी दुसऱ्या खोलीत राहावी, तसा हा प्रकार. ही वही म्हणजे ‘ईटीसी’मधील ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ ही फाइल. निदान सोपे आहे. ८.८.८.८ या पत्त्याला ‘पिंग’ करावे. उत्तर आले, पण संकेतस्थळाच्या नावाने येत नसेल, तर दोष वहीचाच.

बाहेरची फाइल आत नेली, की बहुधा काम भागते. अलीकडच्या अनेक आवृत्त्यांत मात्र ही फाइल म्हणजे ‘रन’ या फोल्डरकडे बोट दाखवणारा दुवा असतो आणि आत ते फोल्डर रिकामे असते. म्हणून आत शिरण्यापूर्वी ‘डेव्ह’, ‘प्रॉक’ आणि ‘सिस’ यांच्यासोबत ‘रन’ही ‘बाइंड माउंट’ करावे.

तरीही अडले, तर घड्याळ पाहावे. तारीख चुकीची असल्यास सुरक्षा प्रमाणपत्रे नाकारली जातात. जुन्या आवृत्तीचा सर्व्हरच बंद झालेला असू शकतो. ‘सेंटओएस ७’चा आधार ३० जून २०२४ रोजी संपला. त्यानंतर तिच्या मूळ यादीचे नाव सापडेनासे झाले. तिची पॅकेजेस आता ‘व्हॉल्ट’ या संग्रहातून घ्यावी लागतात आणि त्यांना नव्या सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत. तेव्हा आधी निदान, मग उपचार. ‘फॉरमॅट’ हा अखेरचाच मार्ग.