सेकंदाला दोन हजार निवाडे

फर्मी दुर्बीण ११ जून २००८ रोजी केप कॅनाव्हेरलहून अवकाशात गेली. तिच्या नकाशांचं कौतुक भरपूर झालं. ते ज्याच्या जिवावर निघतात त्या ट्रिगरबद्दल क्वचितच कुणी बोलतं. तिच्यावरच्या ‘लॅट’ या मुख्य उपकरणाला हवे असतात गॅमा किरण, आणि त्याच्यावर अखंड आदळत असतात विश्वकिरण, म्हणजे मुख्यतः प्रोटॉन. हवा तो एक, नको ते हजारो. सगळंच टिपून खाली धाडायला ना तेवढी वीज, ना तेवढी संदेशवाहिनी. काय नोंदायचं ते वरच्या वर, मायक्रोसेकंदांत ठरवावं लागतं; ते काम ट्रिगरचं.

लॅटचे १६ मनोरे. प्रत्येकात टंगस्टनचे पत्रे, सिलिकॉन पट्ट्यांचे १८ दुहेरी थर आणि तळाशी सीझियम आयोडाइडचे ९६ स्फटिक. गॅमा किरण टंगस्टनमध्ये शिरला की इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी जन्मते. लागोपाठच्या तीन थरांत तिची खूण उमटली की ट्रिगर उठतो. पण तीन थर प्रोटॉनही सहज ओलांडतो. म्हणून भोवती प्लॅस्टिकच्या ८९ फरशांचं कवच आहे. विद्युतभारित कण फरशी उजळवतो, गॅमा किरण नाही. फरशी उजळली की व्हेटो, म्हणजे ती घटना बाद.

खरी गोम इथेच आहे. १९९१ साली अवकाशात गेलेल्या एग्रेट या उपकरणाचं कवच अखंड घुमटासारखं होतं. जोरकस गॅमा किरण तळाच्या स्फटिकांवर आदळला की चिखलात दगड पडावा तसे कण उलटे उडत, घुमट उजळे आणि आलेला पाहुणा बाद! १० अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टला एग्रेटची क्षमता १ अब्जाच्या मानाने निम्म्यावर आली होती. नेमके दुर्मिळ तेच किरण निसटत होते. लॅटच्या कवचाचे तुकडे केले ते यासाठी. आता ज्या मनोऱ्यात खूण दिसली त्याच्या लगतच्याच फरशांची साक्ष काढतात.

ट्रिगर सेकंदाला दोन हजारांहून अधिक वेळा उठतो. दर वाचनाला किमान २६.५ मायक्रोसेकंद जातात आणि तेवढा वेळ लॅट आंधळा असतो. पुढची चाळणी संगणकाची. तिच्यातून सेकंदाला सुमारे ४०० घटना पृथ्वीवर येतात. स्फटिकांत २० अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टांवर ऊर्जा सांडलेली घटना मात्र विनाचौकशी येते. या ढिलाईने भरपूर इलेक्ट्रॉनही पदरात पडले आणि २००९ साली त्यांचा ऊर्जा-वर्णपट प्रसिद्ध झाला. मला सगळ्यात पटते ती दुसरीच तरतूद: दर २५० ट्रिगरांमागे एक घटना चाळणी न लावता खाली पाठवायची, म्हणजे चाळणी काय फेकते आहे ते तपासता येतं.